सशांच्या तबेल्यातला वाद

गुलाब, तुझ्या भावाने माझ्या कपाळात घातलेल्या बांबूचे टाके काल निघाले. जखम चिघळली म्हणून इतके दिवस लागले. खूण राहील म्हणे. राहू दे म्हटलं. तुझ्या घरून मिळालेली ही एक वस्तू तरी कुणी परत मागायला येणार नाही.

परवा तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, लोकांनी हात धुतले, पान लावलं आणि म्हणाले, "देवमाणूस होता हो." मी तिथे बसून दात खात होतो. देवमाणूस? तू? ज्याने लोखंडी सब्बल घेऊन पिंजरे फोडले, ज्याने माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं, ज्याच्या तोंडाला कॉलेजातले शिपाईसुद्धा घाबरत, तो देवमाणूस? तू महा हट्टी, शिवराळ आणि भांडकुदळ माणूस होतास बे. आणि मला दुसरा मित्र नव्हता. हे त्या अख्ख्या मांडवात कुणी म्हटलं नाही, म्हणून मी लिहून राहिलो आहे.

आपलं पहिलं भांडणच आठवतं का? अमरावतीच्या कॉलेजात तू रसायन शिकवत होतास आणि मी प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. बेडूक कापून दाखवायचे आणि पोरांच्या हातातल्या सुऱ्या मोजून घ्यायच्या, हे माझं काम. एक दिवस तू माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिलास आणि नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हणालास, "नाम्या, तुले ससा कापता येते का?"

मी म्हटलं, "मी नामदेव. नाम्या कोन?"

"बरं नामदेवराव. ससा कापता येते का?"

त्या दिवशी तू मला तुझ्या वडिलांची गोष्ट सांगितलीस. तुमच्या अकोटकडच्या गावात देवळाची पंगत होती. गोवऱ्यांत भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. तुझे वडील रोडगा कुस्करून त्यात विहीर करायचे आणि तूप ओतायला लावायचे, वाढणारा थकला तरी यांचा हात आडवा होत नसे. गावाला त्याचं कौतुक होतं. त्याच पंगतीत त्यांनी छाती धरली आणि पत्रावळीवर पालथे पडले. तू शेजारी बसला होतास, हातात घास. कुणी म्हणालं फेफरं आलं, कुणी नाकाला कांदा लावला, कुणी जोडा हुंगवला. तोंडातून फेस आला, पाय झाडले आणि संपलं. पलीकडच्या ओळीत वाढणं चालूच होतं. मग तुझा काका गेला, शेताच्या धुऱ्यावर, तसाच छाती धरून.

"दोघंबी पंचेचाळिसाच्या आत," तू म्हणालास. "आता नंबर माया आहे, नाही तं आमच्या दादाचा. नशीब नशीब करत मी मरनार नाही. आंगात काय होऊन राह्यते ते मले डोयानं पाह्याचं आहे."

पुस्तकात तू वाचलं होतंस की सशाला चरबी खाऊ घातली की त्याच्या धमन्यांच्या आत पिवळा थर बसतो, माणसाच्या बसतो तसाच. ससा मुळात पाला खाणारा, म्हणून त्याच्यात ते लवकर दिसतं. माणसाला जे व्हायला चाळीस वर्षं लागतात, ते सशात काही महिन्यांत. तुला ते करून पाहायचं होतं, आणि त्याच्याही पुढचं एक पाहायचं होतं: खाणं बंद केलं, तर बसलेला थर उतरतो का? बस, एवढं. या एका प्रश्नापायी आपण इतकी वर्षं एकमेकांची डोकी फोडली.

प्राचार्यांनी कॉलेजामागचा जुना तबेला दिला. ससे नागपुराहून रेल्वेने बडनेऱ्याला आले आणि तिथून टांग्यात. टांगेवाल्याला वाटलं, दोन मास्तर मिळून खानावळ काढत आहेत.

चरबी कुठून आणायची? कोलेस्टेरॉल नावाचा तो पांढरा मेणचट पदार्थ बाटलीत विकत मिळायचा, पण बाहेरच्या देशातून येणार, कधी येणार देव जाणे. तेव्हा तू म्हणालास, भेज्यात तो भरपूर असतो. माळकऱ्याच्या घरचा पोरगा तू, गळ्यातली माळ काढून खुंटीला लावलीस आणि माझ्यासोबत खाटकाच्या गल्लीत आलास. बकऱ्यांची मुंडकी फोडताना खाटकाचा कोयता पडला की तू डोळे मिटत होतास, हे मी पाहिलं आहे. ते भेजे वाळवायचे, स्पिरिटात उकळायचे, गाळायचे, पुन्हा उकळायचे. तबेल्यात असा वास सुटायचा की बाजूच्या वर्गातल्या पोरी नाकाला पदर लावून बसत. तळाला चकचकीत पांढरे पापुद्रे धरले तेव्हा तू मला उचलून गरगर फिरवलंस आणि स्टोव्ह लाथेने उडवलास. माझी पँट पेटता पेटता राहिली.

घरी माझा बाप माझ्यावर भडकला होता, ते तुला ठाऊक आहे. छप्पन साली आम्ही सगळे दीक्षा घेऊन आलो. त्याच्या कितीतरी आधीच बापाने मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं होतं, गावाचा मार खाऊन सोडलं होतं. आणि त्याचा शिकलेला पोरगा काय करतो, तर ससे सोलतो. "तुले शिकवलं ते काहून बे? सुरी हातची सुटावी म्हनून ना?" मी त्याला धमनी, संशोधन वगैरे सांगायला लागलो, तर त्याने ताट भिरकावलं. तुला सांगितलं तेव्हा तू हसला नाहीस. एवढं एक बरं केलंस.

पहिला ससा मारायचा दिवस मी विसरलो नाही. मागचे पाय धरून लटकवायचा आणि कानांमागे एकच फटका. तुझ्या बायकोची, शांतावहिनीची, धुण्याची मोगरी तू घरून चोरून आणली होतीस. तू हट्ट धरलास, पहिला मीच मारणार. आणि फटका चुकला. ससा ओरडतो हे तोवर आपल्या दोघांना माहीतच नव्हतं. तान्हं पोर भाजावं तसा तो ओरडला, गुलाब. तू घाबरलास आणि घाबरून मारतच सुटलास, एक, आणखी एक, डोक्याचा चेंदा होईपर्यंत. मग मोगरी टाकलीस आणि तबेल्याबाहेर जाऊन ओकलास. मी आतून शिव्या दिल्या. परत आलास तो तोंड पुसत, आणि म्हणालास, "शिकव मले. नीट मारता आलं पायजे. त्याले कळाच्या आत." आणि शिकलास. पुढे तुझ्या हातचा एकही ससा ओरडला नाही. तेव्हा मला तू पहिल्यांदा आवडलास, हे तुला कधी सांगितलं नाही. सांगतो आता, काय उपयोग.

आता ढेपेचं बोलू. बोलायचं नाही म्हणून तू मला शपथ घातली होतीस, पण तू मेलास, शपथ सुटली.

सशांना रोज खायला काय द्यायचं यावर मी म्हटलं होतं, चणे आणि लसूणघास. तू म्हणालास, सरकीची ढेप, तेल काढून उरलेली पेंड. वऱ्हाडात कोण म्हणेल नाही? घरोघरी गाईला ढेप, बैलाला ढेप, दुभत्या म्हशीला तर भिजवून वर गूळ. तुमच्या अकोटला कापसाच्या जिनाच्या दारात तिचे डोंगर. "ढेप खाऊन आमच्या बैलाचं आंग आरशावानी चमकते," तू म्हणालास, आणि त्या ढेपेत जवसाच्या तेलातलं कोलेस्टेरॉल कालवलंस. अर्ध्या पिंजऱ्यांना चरबीची ढेप, अर्ध्यांना नुसती.

काही आठवड्यांनी ससे मरायला लागले. कसे मरायचे! तोंड वासून, मान ताणून, फासळ्या भात्यासारख्या हलवत. सकाळी पिंजऱ्यात जावं तर एक आडवा, दुसरा त्याच्यावर पाय देऊन जाळीला नाक लावून हवा ओढतो आहे. आणि तू नाचत होतास! "झालं! हार्ट गेलं त्यांचं! बाप असाच गेल्ता, असाच!" डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. मला तुझी भीती वाटली.

मी एकेक उघडून पाहिला. छातीत पाणी, पोटात पाणी. आणि हृदयातून निघणारी मोठी नळी आतून स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखी. पिवळ्याचा मागमूस नाही. मी तुला म्हटलं, गुलाब, हे चरबीचं मरण नाही. तू म्हणालास, तुझे डोळे फुटले. मी म्हटलं, ये, पाहा. तू पाहायलाच तयार नाहीस. "अबे, नुसत्या ढेपेचेबी मरून राहिले ना!" मी ओरडलो. "त्यायच्या पोटात कुठं गेली चरबी?"

आणि तेव्हा तू ते बोललास. "मले काय शिकवतं? कापाकापी करनं तुमच्या लोकायचं काम, तेवढं कर. डोकं मी चालवतो."

माझा हात कसा उठला ते मला कळलंही नाही. तुझा पुढचा दात तुटून टेबलावर पडला, उघड्या सशाच्या शेजारी. तू माझी कॉलर धरलीस, मला भिंतीवर आपटलंस, मी तुझ्या पोटात गुडघा घातला. पिंजरे पडले, ससे सैरावैरा, आपण दोघं रक्ताने माखलेले, त्यातलं आपलं कोणतं आणि सशांचं कोणतं ते कळेना. शिपायाने येऊन सोडवलं.

दुसऱ्या दिवशी ढोरांच्या डॉक्टरला विचारून मी आलो. त्याने कपाळावर हात मारला. गाईबैलाचं पोट चार कोठ्यांचं, रवंथ करणारं, त्यांना सरकीतलं विष पचतं. ज्याला रवंथ नाही, त्याला ते हळूहळू मारतं. मी ते तुला सांगितलं. तू सब्बल उचललीस आणि रिकामे पिंजरे एकेक करून फोडलेस, लाकडाचा भुगा होईपर्यंत. मग उरलेल्या ढेपेचं पोतं पाठीवर घेऊन गेलास, आणि येताना तुझ्या डोक्यावर लसूणघासाचा भारा होता. दातात फट, ओठ सुजलेला. "नवे सशे कधी आनाचे?" म्हणालास. माफी नाही. मीही मागितली नाही. त्या वाक्याचं काय करायचं ते आपण दोघांनीही ठरवलं नाही, ते तसंच तबेल्यात पडून राहिलं.

दुसऱ्या खेपेला जमलं. चणे, घास, आणि वर चरबी. पहिला ससा उघडला आणि मोठ्या नळीच्या आत पिवळे डाग दिसले, लोण्याचे शिंतोडे उडावेत तसे. तू कितीतरी वेळ भिंग धरून उभा होतास. हळूच म्हणालास, "हे पाह्य. हा माया बाप." मी पाणी आणायचं निमित्त काढून बाहेर गेलो.

त्याच दिवसापासून तू तूप सोडलंस. नुसतं तूप नाही. दूध, तेल, दाणे, पुरणपोळी, सगळं. सणालाही कोरडी भाकर आणि पाण्यातली भाजी. वहिनीने रडून पाहिलं, उपास करून पाहिले. घरी कोणी जेवायला आलं की बिचारीला लाज वाटे, नवऱ्याच्या ताटात काय वाढते ही बाई म्हणून. आणि इकडे तबेल्यात तू अर्ध्या सशांची चरबी बंद करून त्यांना नुसत्या घासावर ठेवलंस. तुझं आणि त्यांचं पथ्य सोबतच चाललं.

वर्षाहून जास्त थांबलो आपण. मग उघडले. आणि तिथून तो वाद सुरू झाला, जो तुझ्या तिरडीपर्यंत मिटला नाही.

"फिकं पडलं पाह्य," तू म्हणालास. "उतरून राहिलं."

"फिकं नाही पडलं, कडक झालं. नख लावून पाह्य."

"तुयं नखच खोटं."

"मऊ होतं ते दगडावानी झालं गुलाब. नवं बसलं नसन, पन जुनं कुठं गेलं नाही."

"उतरलं!"

कॉलेजात, रस्त्यात, चहाच्या टपरीवर, तेच. एकदा मी चिडून म्हटलं, "तुले खरं पाह्याचंच नाही. तुले जगायचं आहे फक्त." तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी वेडा आहे. "मंग? जगायचं नसते का कोनाले?"

त्यानंतर तू अकोल्याच्या कॉलेजात गेलास, तबेल्यात सायकली लागायला लागल्या. जाण्याच्या दिवशी रिकाम्या टेबलावर बसून तू मला म्हणालास, "एक कर नाम्या. सशावरून भांडून फायदा नाही. मी गेलो का मले उघड. तुयाच हातानं. माया मोठ्या नळीत बोट फिरव. मऊ लागली तं मी जिंकलो, खरबरीत लागली तं तू. घे शपथ." मी हसण्यावारी नेलं. तू मनगट धरलंस, सोडेचनास. घेतली बाबा शपथ.

अकोल्याहून ट्रंक कॉल आला तेव्हा मी पोरांना बेडकाचं हृदय दाखवत होतो. सायकलवर जाता जाता तू चौकात पडलास, छाती धरून, पंचेचाळिशीच्या आतच. एसटीत मूर्तिजापूरपर्यंत मी रडलो नाही, नुसता तुझ्यावर संतापत होतो. दुपारी दारात पोचलो तर तिरडी बांधून तयार. तुझा थोरला भाऊ गावाहून आलेला, त्याचं ते आडदांड अंग, लाल डोळे.

मी म्हटलं, "देवरावदादा, थोडं थांबा. गुलाबले दवाखान्यात न्याचं आहे."

"मेलेल्या मानसाले दवाखान्यात?"

"उघडून पाह्याचं आहे. त्यानं शपथ घातली होती मले."

तिरडीच्या बांबूचा उरलेला तुकडा अंगणात पडला होता. देवरावदादाने तो उचलला आणि मला काही कळायच्या आत कपाळावर घातला. मी खाली बसलो. डोळ्यांत रक्त. दुसरा खांद्यावर, तिसरा पाठीवर. "जिंदगीभर सशे फाडले, आता माया भाऊ फाडतं? कापाची चटक लागली का बे तुया जातीच्या हाताले?" चारपाच जण धावले, काही त्याला धरायला, काही मला मारायला. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. तुला शिव्या देत होतो बहुतेक.

आणि शांतावहिनी बाहेर आली. थोरल्या दिरासमोर जिचा पदर कधी खाली आला नाही, ती बाई उघड्या डोक्याने, मोकळ्या केसांनी आली आणि तिने तो बांबू हातातून हिसकला.

"भाऊजी, यायनं मलेबी शपथ घातली आहे. इतके वर्ष मी या मानसाले कोरडी भाकर वाढली. दिवाळीलेबी कोरडी. माया हातानं. त्याचं आतमंधी काय झालं ते मले पायजे. तुमाले पाह्याचं नसन तं तिकडे तोंड करून उभे राहा."

देवरावदादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तसाच, आम्ही तुला उचलून नेईपर्यंत.

दवाखान्यातला डॉक्टर आपलाच विद्यार्थी निघाला, तुझ्या हातची एक चापट खाल्लेला. त्याने आधी माझं कपाळ शिवलं, मग तुला उघडलं. सुरी मला देता येत नाही, म्हणाला, पण बोट फिरवा सर. कात्री मोठ्या नळीतून चालली तेव्हाच मला कळलं. कचकच वाजत होती. मी बोट फिरवलं. खरबरीत होतं, गुलाब. जुनं, दगड झालेलं, तिथेच. मधेमधे गुळगुळीत पट्टे होते, नवं काही दिसलं नाही. हृदयाच्या एका बारीक नळीत काळी गुठळी, त्याच दिवसाची. मी जिंकलो होतो. मी तुझ्या थंडगार खांद्यावर बुक्की मारली, आणखी एक मारली, डॉक्टरने मला मागे ओढलं. मग मी तिथे फरशीवर बसून गुरासारखा ओरडलो.

तिथे बसल्या बसल्या तुझं ते जुनं वाक्य आठवलं. कापाकापी तुमच्या लोकांचं काम. आणि त्यानंतर तू मला म्हणालास, तुझ्याच हाताने उघड. मुंबई-पुण्याचे डॉक्टर सोडून माझा हात मागितलास. ती माफी होती का बे? मग सरळ मागता आली नाही? मी लगेच दिली असती. नसती दिली कदाचित, आधी भांडलो असतो. पण दिली असती.

रात्री स्मशानातून आल्यावर वहिनीने विचारलं, "उतरलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही, वयनी."

ती थंड चुलीतली राख उकरत राहिली. "मंग एखांद्या सनाले तूप वाढलं असतं तं काय झालं असतं हो? पुरनाची पोळी किती आवडे त्यायले." मी म्हटलं, कोरड्या भाकरीने कदाचित काही वर्षं वाढवली असतील, नवं काही बसलं नव्हतं, पण सिद्ध करता येत नाही. तिने हातातला चिमटा चुलीवर फेकून मारला. "सिद्ध!" म्हणाली, आणि मग रडली. खरं बोलल्याचं मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

आता परवाचं सांगतो आणि थांबतो.

तेरवीची शेवटची पंगत घरच्यांची. मला बोलावणं नव्हतं, मी आपला ओट्यावर बसलो होतो. देवरावदादा आपलं ताट घेऊन बाहेर आला आणि माझ्याजवळ टेकला. वरणभाताशेजारी तुपाची वाटी, काठोकाठ. वहिनी दारात वाढायचं भांडं घेऊन उभी. तो माझ्या कपाळाच्या पट्टीकडे पाहत होता. मला वाटलं, माफीबिफी मागतो की काय. तुमच्या खानदानात ती पद्धत नाही हे मी विसरलो.

"नामदेवा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मलेबी होऊन राह्यते."

"काय?"

त्याने छातीवर मूठ ठेवली, बांबूवर आवळलेली मी पाहिली होती तीच मूठ. "चढावर गेलो का इथं आवयते. हात जड पडते. कोनाले सांगतलं नाही. बाप गेला, काका गेला, गुलाब गेला." एवढा मोठा माणूस, आणि ताटातलं तूप हिंदकळत होतं. "तुनं पाह्यलं ना आतून? गुलाब म्हने, खानं सोडलं का उतरते. खरं आहे का ते? तुयं काय म्हननं आहे?"

मी वर पाहिलं. वहिनी दारात होती. तिने ऐकलं होतं. माझ्याकडे सरळ पाहत होती.

बोटाच्या टोकावर अजून तुझी ती खरबरीत नळी होती, गुलाब. इतकी वर्षं मी जे ओरडून सांगितलं, ते शेवटी तुझ्याच अंगात माझ्या बोटाला लागलं होतं. एका शब्दात सांगता आलं असतं.

"अकोल्याच्या डॉक्टरले छाती दाखवा दादा, उद्याच. मी येतो संगं," मी म्हटलं. "अन् तूप सोडा. उतरते."

"तुयंबी तेच म्हननं आहे?"

"मायंबी तेच."

वहिनी पायरी उतरून आली, दिराच्या ताटातली तुपाची वाटी उचलली, आत गेली आणि कोरडी भाकर घेऊन आली.